फोन चपटा, प्लेअर खुला: एका तक्रारीची तपासणी

एक मित्र गाणी ऐकण्यासाठी दोन यंत्रं वापरतो. एक रोजचा फोन, दुसरा खास संगीतासाठी घेतलेला, काही वर्षं जुना प्लेअर. त्याचं म्हणणं असं, की तेच इअरफोन लावून तीच गाणी ऐकली तरी प्लेअरवर आवाज खुला वाटतो, झांजांची किणकिण आणि तारेचा विरत जाणारा नाद शेवटपर्यंत ऐकू येतो. फोनवर मात्र सगळं चपटं. कारणही त्याने स्वतःच शोधून ठेवलं होतं: प्लेअरमधली डॅक चिप (फाइलमधल्या आकड्यांचा आवाज बनवणारी) उंची, फोनमधली साधी. दोन-दोन यंत्रं चार्ज करून सोबत वागवायचा त्याला कंटाळा आला होता. प्लेअर ठेवावा की काढून टाकावा, एवढाच सवाल होता.

अशा तक्रारीवर लोक सहसा दोन तट पाडतात. एक म्हणतो, ज्याला कान आहेत त्याला फरक कळतोच. दुसरा म्हणतो, पैसे मोजले की आवाज आपोआप गोड लागतो. या प्रकरणात दोन्ही तटांची पंचाईत झाली, म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

काय कशाला जोडलेलं होतं

फोनला हेडफोनचा गोल जॅक नव्हता. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून तो गेला, आणि पुढे एकेक करत बहुतेक वरच्या दर्जाच्या फोनांतूनही गेला. त्यामुळे मित्र यूएसबी-सी पोर्टला छोटं डोंगल लावून ऐकत होता. डोंगलं दोन जातींची असतात. एका जातीत नुसत्या तारा असतात. आवाज फोनच्या आतल्या चिपमध्येच तयार होतो आणि या तारांमधून बाहेर येतो. दुसऱ्या जातीत त्या बोटभर तुकड्यातच डॅक आणि ॲम्प्लिफायर बसवलेले असतात. फोन फक्त आकडे पुढे ढकलतो. मित्राचं डोंगल दुसऱ्या जातीचं होतं. ज्या चिपला तो नावं ठेवत होता, ती या साखळीत मुळात नव्हतीच.

फोनवर गाणी वाजत होती स्ट्रीमिंगच्या ॲपमधून. त्या ॲपमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीला आणण्याची सोय (नॉर्मलायझेशन) चालू होती, आणि तिच्यामुळे जोरात मास्टर केलेली (मुद्रणाच्या शेवटच्या टप्प्यावर आवाज चढवलेली) गाणी कित्येक डेसिबलने खाली येतात. शिवाय फोनच्या सेटिंग्जमध्ये 'आवाज सुधारणारा' एक पर्याय कारखान्यातूनच चालू होऊन आलेला होता. तो प्रत्येक ॲपच्या आवाजावर आपला हात फिरवतो, आणि आपण ती सेटिंग शोधायला गेल्याशिवाय त्याचा पत्ता लागत नाही.

प्लेअरवर सगळा संसार वेगळा. मेमरी कार्डावरच्या फ्लॅक (दर्जा न गमावता साठवलेल्या) फाइली, कसलंही नॉर्मलायझेशन नाही, गेन (ॲम्प्लिफायरची आवाज वाढवण्याची पातळी) 'हाय'वर, आणि इअरफोन साध्या ३.५ मिलिमीटर जॅकऐवजी ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जॅकला, त्यासाठी मुद्दाम घेतलेल्या वेगळ्या केबलने जोडलेले. बॅलन्स्ड जोडणीत दोन ॲम्प्लिफायर एकाच ड्रायव्हरला (इअरफोनमधल्या आवाज काढणाऱ्या भागाला) दोन बाजूंनी ढकलतात, त्यामुळे व्होल्टेज जवळपास दुप्पट होतं. दुप्पट व्होल्टेज म्हणजे ६ डेसिबल. व्हॉल्यूमच्या आकड्याला हात न लावता नुसती केबल बदलली तरी आवाज ६ डेसिबलने वाढतो, आणि बॅलन्स्डच्या नावाने जे कौतुक चालतं त्यातला मोठा वाटा या वाढीचा असतो असं माझं मत आहे.

थोडक्यात, मित्राने आजवर केलेली तुलना दोन यंत्रांची नव्हतीच. फाइल वेगळी, कदाचित मास्टरिंगही वेगळं, पातळी वेगळी, मध्ये आवाजावर केलेली प्रक्रिया वेगळी, केबल वेगळी. यातलं काय कानाला जाणवलं, हे अशा परिस्थितीत कोणालाच सांगता येणार नाही.

पातळी जुळवणं

कानाची एक खोड प्रसिद्ध आहे. एकच आवाज अर्धा-एक डेसिबलने मोठा केला तर तो 'मोठा' न वाटता 'चांगला' वाटतो. अधिक स्पष्ट, अधिक भरीव, अधिक जवळचा. त्यामुळे तुलनेआधी दोन्ही यंत्रांची पातळी निदान ०.२ डेसिबलच्या आत आणावी लागते, आणि हे काम कानाने होत नाही.

आम्ही ते मल्टिमीटरने केलं. १०० हर्ट्झचा एकसुरी साइन टोन दोन्ही यंत्रांवर लावला, इअरफोन जोडलेलाच ठेवला आणि त्याच्या दोन टोकांमधलं एसी व्होल्टेज मोजलं. १००च का, तर साधे मल्टिमीटर घरगुती विजेच्या ५०-६० हर्ट्झसाठी बनवलेले असतात. १००ला ते बरोबर आकडा देतात, १००० हर्ट्झवर काही डगमगायला लागतात, आणि त्याच्या वर त्यांच्या आकड्यावर विसंबणं धोक्याचं. इअरफोन जोडलेला ठेवण्याचं कारण पुढे येईलच.

इथे फोनची एक खरीखुरी अडचण समोर आली. बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर गाण्यांच्या व्हॉल्यूमला मिळतात जेमतेम १५ पायऱ्या, आणि एकेक पायरी कित्येक डेसिबलची. प्लेअरवर शंभराच्या वर पायऱ्या होत्या. त्यामुळे जुळवणी फोन स्थिर ठेवून प्लेअर वर-खाली करूनच करावी लागली. संवेदनशील इअरफोन वापरणाऱ्याला हा फरक रोज छळतो: रात्रीच्या शांततेत फोनची तिसरी पायरी कमी पडते आणि चौथी जास्त होते. प्लेअरच्या बाजूने नोंदवलेला हा पहिला गुण, आणि आवाजाच्या दर्जाशी त्याचा काही संबंध नाही.

नॉर्मलायझेशन आणि सुधारणा दोन्ही बंद केल्या, कार्डावरच्याच फ्लॅक फाइली फोनमध्ये घातल्या, प्लेअरला ३.५च्या जॅकवर आणलं आणि पातळी जुळवली. तेव्हा मित्राने पहिल्यांदा कबूल केलं की फरक पूर्वी वाटत होता तेवढा नाही. पण तो आहे, यावर मात्र तो ठाम राहिला.

न पाहता ऐकणं

प्लग काढून दुसऱ्या यंत्रात घालायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात कानातली बारीक आठवण पुसली जाते. म्हणून दोन इनपुट, एक आउटपुट आणि मधे खटका अशी छोटी पेटी केली. बॅलन्स्ड जॅक या पेटीला जोडायचा नाही, ही सूचना कोणी असा प्रयोग करणार असेल तर लक्षात ठेवावी. त्यात डाव्या-उजव्या चॅनेलचा ग्राउंड सामाईक नसतो, आणि साध्या जॅकच्या पेटीत तो एकत्र आला तर ॲम्प्लिफायर जळू शकतो.

खटका मित्राच्या बहिणीच्या हातात दिला. तिला गाण्यात फारसा रस नाही आणि निकाल काय लागतो याचं सोयरसुतक नाही, म्हणजे या कामाला ती उत्तम. ती पाठीमागे बसून नाणं उडवायची, त्याप्रमाणे खटका टाकायची आणि वहीत खूण करायची. "दादा, मान वळवू नकोस हं," एवढीच तिची अट. मित्राने फक्त 'अ' की 'ब' ते सांगायचं.

अशा चाचणीत किती बरोबर उत्तरं आली तर ती मानायची, याचा हिशेब सोपा आहे. १६ वेळा विचारलं आणि निव्वळ अंदाजाने उत्तरं दिली, तर १२ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या किंचित खाली असते. म्हणजे १२ आली तर काहीतरी ऐकू येतंय असं धरायला हरकत नाही. ९-१० आली तर गप्प बसावं.

मित्राने ती रेषा आरामात ओलांडली. विशेषतः झांजा आणि तानपुरा असलेल्या तुकड्यांवर तो चुकतच नव्हता. प्लेअर लागला की जवारी वर उठून यायची, फोन लागला की ती गायकाच्या मागे जाऊन बसायची. मनाचा खेळ म्हणणाऱ्यांची बाजू इथे संपली.

पण मग त्याच पेटीवर दुसरा इअरफोन लावला. हा साधा, एका डायनॅमिक ड्रायव्हरचा, ३२ ओहमचा (ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप). पातळी पुन्हा जुळवली, गाणी तीच, यंत्रं तीच, ऐकणारा तोच. आता उत्तरं नाणेफेकीच्या आसपास येऊन थांबली. बहिणीने वही दाखवली तेव्हा मित्राला वाटलं तिने खुणा उलट केल्या असाव्यात.

प्लेअरमधली चिप खरंच उंची असती तर ती दोन्ही इअरफोनांवर उंची ठरली असती. एकावर फरक लख्ख आणि दुसऱ्यावर गायब, याचा अर्थ कारण चिपमध्ये नाही. यंत्र आणि इअरफोन जिथे एकमेकांना भेटतात त्या सांध्यात आहे.

एक रेझिस्टर आणि दोन आकडे

प्रत्येक ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी थोडा अंतर्गत अडथळा असतो. त्याला आउटपुट इम्पिडन्स म्हणतात. हा आकडा जाहिरातीत क्वचितच सापडतो, पण घरी मोजता येतो. जॅकला काहीही न जोडता टोन लावून व्होल्टेज घ्यायचं, मग दोन टोकांमध्ये ३३ ओहमचा रेझिस्टर लावून पुन्हा घ्यायचं. व्होल्टेज जितकं खाली बसेल तितका अंतर्गत अडथळा मोठा. पातळी जुळवताना इअरफोन जोडलेला ठेवला तो याचसाठी.

डोंगलवर मोकळं व्होल्टेज ०.५०० ठेवलं, रेझिस्टर लावल्यावर ते ०.४८५ झालं. हिशेब केला की अडथळा निघतो साधारण १ ओहम. प्लेअरवर तेच ०.५०० रेझिस्टर लावताच ०.३८४वर कोसळलं. म्हणजे १० ओहम. आणि मित्र एरवी वापरत होता त्या बॅलन्स्ड जॅकवर दोन ॲम्प्लिफायर एकामागे एक येत असल्याने हा अडथळाही दुप्पट, २० ओहमच्या आसपास.

१० ओहम ऐकायला किरकोळ वाटतं. ते किरकोळ आहे की नाही हे इअरफोन ठरवतो. मित्राचा आवडता इअरफोन बॅलन्स्ड आर्मेचर जातीचा आहे. (नावात बॅलन्स्ड असलं तरी वरच्या बॅलन्स्ड जॅकशी याचा काही संबंध नाही.) या ड्रायव्हरमध्ये बारीक तारेचं वेटोळं असतं, आणि वेटोळ्याचा स्वभाव असा की कंपनसंख्या वाढली की त्याचा अडथळा वाढतो. खोक्यावर इम्पिडन्सचा एकच आकडा छापलेला असतो, तो बहुधा १००० हर्ट्झवरचा. प्रत्यक्षात हा इअरफोन खर्जात २० ओहमच्या आसपास होता आणि ८००० हर्ट्झच्या सुमाराला ८० ओहमपर्यंत चढत होता. हे मोजायला मल्टिमीटर चालला नाही. संगणकाचा ऑडिओ इंटरफेस लावावा लागला.

आता भागाकार करून पाहू. डोंगलचा १ ओहम घेतला तर खर्जात २१ पैकी २० भाग व्होल्टेज इअरफोनला मिळतं आणि वरच्या पट्टीत ८१ पैकी ८०. दोन्हींत फरक ०.३ डेसिबल, म्हणजे कानाच्या हिशेबी शून्य. प्लेअरच्या १० ओहमवर खर्जात ३० पैकी २० मिळतं, वर ९० पैकी ८०. फरक अडीच डेसिबल. बॅलन्स्डच्या २० ओहमवर खर्जात ४० पैकी २०, वर १०० पैकी ८०. फरक ४ डेसिबलच्या थोडा वरच. दुसऱ्या, डायनॅमिक इअरफोनचा अडथळा सगळ्या पट्ट्यांत जवळपास सारखाच असतो, म्हणून त्यावर हा फरक उरला नव्हता.

४ डेसिबलने उचललेली वरची पट्टी कोणालाही ऐकू येते. त्यासाठी सोन्याचे कान लागत नाहीत. झांजा पुढे येतात, श्वास ऐकू येतात, तारांना धार चढते. मित्र ज्याला खुलेपणा म्हणत होता तो हा चढ होता. आणि इअरफोन बनवणाऱ्याने तो ट्यून करताना कमी अडथळ्याचा ॲम्प्लिफायर गृहीत धरला असेल, तर मूळ हेतूशी अधिक प्रामाणिक होता तो फोनचा 'चपटा' आवाज. प्लेअर त्यात स्वतःची भर घालत होता.

ही काही याच एका प्लेअरची गंमत नाही. ॲस्टेल अँड कर्नचा २०१२ मधला एके१००, ज्याच्यापासून आजच्या महागड्या प्लेअरांची लाट सुरू झाली असं मानलं जातं, त्याचा आउटपुट इम्पिडन्स २२ ओहम होता. नंतरच्या सुधारित आवृत्तीत तो ३ ओहमवर आणला गेला. त्याहून मागे गेलं तर १९९६च्या एका आंतरराष्ट्रीय मानकात हेडफोनच्या जॅकसाठी १२० ओहमची शिफारस होती. जुन्या, जास्त ओहमच्या हेडफोनांना ते चालून जाई. आज सर्वसाधारण ठोकताळा असा, की यंत्राचा आकडा इअरफोनच्या आकड्याच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी असावा. २० ओहमच्या इअरफोनला अडीच ओहमच्या आतलं यंत्र हवं. या कसोटीवर बोटभर डोंगल पास होतं आणि तळहाताएवढा प्लेअर नापास.

उलट बाजूने खात्री

गणित जुळलं म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. खात्रीसाठी तोच दोष फोनमध्ये मुद्दाम आणून पाहिला. डोंगल आणि इअरफोन यांच्या मधे दोन्ही चॅनेलना प्रत्येकी १० ओहमचा रेझिस्टर घातला. आता फोनच्या बाजूला एकूण ११ ओहम झाले, प्लेअरच्या बाजूला १० होतेच. पातळी पुन्हा जुळवून पेटीवर बसवलं. ज्या आर्मेचर इअरफोनवर मित्र आधी चुकत नव्हता, त्यावर आता त्याला फोन कोणता आणि प्लेअर कोणता हे सांगता येईना.

मग दोघांनाही शंका आली की रेझिस्टरमुळे आवाज बिघडून फरक झाकला गेला असेल. तो काढला आणि त्याऐवजी फोनच्या इक्वलायझरमध्ये वरची पट्टी अडीच डेसिबलने हलकेच उचलली. निकाल तोच. या दोन पायऱ्यांनंतर चिपचा मुद्दा मित्राने स्वतःच सोडला.

रेझिस्टर घालून आर्मेचर इअरफोनची वरची पट्टी उचलणं हा जुनाच उद्योग आहे, हे या निमित्ताने सांगायला हवं. एटिमोटिकच्या ईआर४ मालिकेत २७ ओहमचा 'पी' आणि १०० ओहमचा 'एस' असे दोन प्रकार होते, आणि ७५ ओहमचा अडॅप्टर लावला की 'पी'चा 'एस' व्हायचा. तिथे तो मुद्दाम ठरवलेला स्वर होता. मित्राच्या प्लेअरमध्ये तो आपोआप लागला होता, आणि त्याच्या कानाला आवडला होता. आवडू नये असं काही कारण नाही.

जिथे प्लेअर खरंच सरस निघाला

घरी ऐकायला मित्राकडे मोठे, उघड्या पाठीचे, ३०० ओहमचे हेडफोन आहेत. इथे चित्र फिरलं. ३०० ओहमपुढे प्लेअरचे १० ओहम खिजगणतीत नाहीत, तेव्हा तो दोष नाहीसा झाला आणि प्रश्न उरला ताकदीचा.

हे हेडफोन १ मिलिवॅटला ९७ डेसिबल देतात. १ व्होल्ट दिलं तर ३०० ओहमात ३.३ मिलिवॅट जातात, म्हणजे शिखर १०२ डेसिबलपर्यंत पोहोचतं. मोठ्या वाद्यवृंदाच्या मुद्रणात सरासरी पातळी शिखरापेक्षा २० डेसिबल खाली असू शकते. म्हणजे सरासरी ८२, ऐकायला पुरेसं. पण फोनवर डोंगल तेवढं देतच नव्हतं. व्हॉल्यूम पूर्ण वर नेऊनही मीटरवर ०.५ व्होल्टच दिसत होतं. काही डोंगलांच्या बाबतीत अँड्रॉइड डोंगलच्या आतला व्हॉल्यूम वरपर्यंत उघडतच नाही, त्यामुळे आवाज नेहमी अर्ध्यावर अडकतो. ०.५ व्होल्टला शिखर ९६ डेसिबल. चालू जमान्याच्या दाबून भरलेल्या गाण्यांना ते पुरतं. शांतपणे उलगडणाऱ्या जुन्या मुद्रणांना पुरत नाही, आणि मग हात सतत व्हॉल्यूमच्या बटणाकडे जातो.

यूएसबीशी थेट बोलणारं ॲप वापरल्यावर डोंगलने पूर्ण १ व्होल्ट दिलं. ही युक्ती स्ट्रीमिंगच्या सगळ्या ॲपना लागू पडत नाही, हा तिचा तोटा. प्लेअर साध्या जॅकवर २ व्होल्ट देत होता, म्हणजे १०८ डेसिबल, आणि बॅलन्स्डवर त्याच्याही वर. एवढ्या पातळीला कोणी रोज ऐकू नये. जागतिक आरोग्य संघटना सरासरी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास एवढीच मर्यादा सांगते. पण शिखरांसाठी जागा शिल्लक असणं वेगळं आणि सतत जोरात ऐकणं वेगळं.

मधे काही काळ फोनांनीही हा प्रश्न सोडवला होता, हे विसरलं जातं. २०१७चा एलजी व्ही३० जॅकमध्ये घातलेल्या हेडफोनचा इम्पिडन्स स्वतः मोजायचा आणि ५० ओहमच्या वर गेला की जास्त व्होल्टेजवर जायचा. अनेक प्लेअरांना लाजवेल असा तो फोन होता. २०२१ मध्ये एलजीने फोनचा धंदाच बंद केला आणि ती वाट तिथेच खुंटली.

खरखरीच्या बाबतीत मात्र प्लेअरला गुण देता येणार नाही. 'हाय' गेनवर संवेदनशील इअरफोन लावले की दोन गाण्यांमधल्या शांततेत बारीक 'स्स्स' ऐकू यायचं. गेन खाली घेतल्यावर ते गेलं. डोंगलवर ते मुळातच नव्हतं. फोनमधल्या रेडिओच्या लहरी आवाजात मिसळतात हा जुना आक्षेप टूजीच्या काळात खरा होता. तेव्हा फोन सेकंदाला २१७ वेळा धडधडत संदेश पाठवायचा, आणि जवळचा स्पीकर त्याच सुरात गुरगुरायचा. या तपासणीत तसं काही ऐकू आलं नाही.

हाय-रेझ आणि ब्लूटूथ

प्लेअरवर हाय-रेझचं, म्हणजे सीडीपेक्षा बारीक मोजून साठवलेल्या आवाजाचं, २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ असं चिन्ह झळकतं, फोनवर ते नसतं. मित्राला हे फार महत्त्वाचं वाटत होतं. अँड्रॉइड एरवी सगळ्या ॲपचे आवाज एकत्र मिसळतो आणि बहुधा ४८ किलोहर्ट्झवर आणून पाठवतो, हे खरं आहे; २०२३च्या अँड्रॉइड १४पासून यूएसबीवर न मिसळता पाठवण्याची सोय आली. पण सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झचं ४८ करताना होणारा बदल आमच्या पेटीवर कोणाला पकडता आला नाही. सीडीच्या १६ बिटांतच ९६ डेसिबलचा पल्ला मावतो. मायर आणि मोरन यांनी २००७ मध्ये हाय-रेझ मुद्रणं सीडीच्या दर्जातून गाळून ऐकवली, तेव्हा ५५४ चाचण्यांपैकी २७६ उत्तरं बरोबर आली. जोशुआ राइस यांनी २०१६ मध्ये अनेक प्रयोग एकत्र तपासले तेव्हा आकडा ५२.३ टक्के निघाला. फरक असलाच तर तो या पातळीचा. अडीच डेसिबलच्या चढापुढे त्याची चर्चा करण्यात अर्थ नाही.

ब्लूटूथचं तर एका परिच्छेदात आटोपतं. बिनतारी हेडफोन लावले की डॅक आणि ॲम्प्लिफायर दोन्ही हेडफोनच्या आत असतात. यंत्र फक्त दाबून लहान केलेला आवाज हवेतून पाठवतं. दोन्ही यंत्रांना एकच कोडेक (आवाज दाबण्याची पद्धत) येत असेल तर प्लेअरमधल्या चिपचा उपयोग शून्य. एलडॅकसारखा कोडेक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो, पण गर्दीत जोडणी टिकवण्यासाठी तोच ३३०पर्यंत खाली उतरतो, आणि हे फोन आणि प्लेअर दोघांनाही सारखंच लागू.

शेवटी काय ठरलं

प्लेअर विकला गेला नाही, पण खिशातून बाहेर गेला. तो आता घरी ३०० ओहमच्या हेडफोनांना जोडलेला असतो, साध्या जॅकवर, गेन 'हाय'. बाहेर फिरताना फोन आणि डोंगल. आर्मेचर इअरफोनचा त्याला आवडलेला स्वर फोनच्या इक्वलायझरमध्ये बसवून दिला: ३००० हर्ट्झच्या वर ४ डेसिबलचा हलका चढ, आणि एकूण पातळी तेवढीच खाली, म्हणजे शिखरं कापली जाणार नाहीत. फोनचं सॉफ्टवेअर नवं झालं की 'आवाज सुधारणारा' पर्याय पुन्हा चालू होऊन बसतो, तो तपासायची सवय त्याला लावून घ्यावी लागली आहे.

सगळ्यात मोठा बदल मात्र विजेशी संबंधित नव्हता. मोजमाप चालू असताना लक्षात आलं की त्याच्या डाव्या कानात इअरफोनचं रबर नीट बसतच नव्हतं. कानात फट राहिली तर खर्ज दहा-पंधरा डेसिबलनेही पडू शकतो. वर ज्या फरकांवर एवढा खल केला त्या सगळ्यांना हा आकडा पुरून उरतो. एक माप मोठं रबर घातलं आणि त्या कानातला तबला जागेवर आला.

पुढे कधी नवा प्लेअर घ्यायचा झाला तर काय पाहू, असं त्याने विचारलं. आउटपुट इम्पिडन्स २ ओहमच्या आत, साध्या जॅकवर निदान २ व्होल्ट, गेन कमी करता येणारा, आणि अंधारात हाताला सापडतील अशी खरी बटणं. चिपचं नाव मी त्या यादीत घातलं नाही.